कडूबाईंची चार बटणं

कडूबाई माझ्याकडे कामाला आल्या त्या २०१५ च्या उन्हाळ्यात. शहराबाहेर पडेगावला नानासाहेबांची पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन मी सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे सुटे भाग बनवत होतो. एक भाग सूर काढणारा, दुसरा आवाज चढवणारा-उतरवणारा, तिसरा ठोके देणारा. कोणता भाग कोणाला जोडायचा ते वाजवणाऱ्यानं छोट्या तारा खोचून ठरवायचं. चांगली नोकरी सोडून हिमांशू हे काय करतोय, म्हणून घरी माझ्याशी अबोला होता.

कडूबाई शेंद्र्याच्या, चाळिशीच्या. नवरा वारल्यावर तिथल्या एका कारखान्यात त्या मशीनच्या पॅनेलचं वायरिंग करायच्या. ऑर्डरी आटल्या तसं त्यांना घरी बसवलं. दुष्काळामुळं गावात पाण्याचा टँकर चार दिवसांनी यायचा. तेवढी अर्ध्या दिवसाची सुट्टी त्या मागायच्या, एरवी कधी नाही.

आठवडाभर मुकाट सोल्डरिंग केल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "सर, ह्याचा उपेग काय?"

मी एक बटण दाबलं. स्पीकरमधून जाड, घुमणारा सूर निघाला. बोट उचललं, सूर थांबला.

"बटण दाबलं की ह्या तारेत पाच व्होल्ट येतात, सोडलं की शून्य. ह्याला गेट म्हणतात. गेट उघडं आहे तोवर आवाज बाहेर येणार."

"म्हंजी फाटकच की. पर बोटानं कामून दाबायचं? ते मशीन आपोआप ठोके देतंय ना?"

"देतं. पण सगळे एकसारखे."

"व्हय," त्या म्हणाल्या. "भोंग्यावानी."

पुढच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी स्वतःची एक पेटी केली. भंगारातल्या पॅनेलची चार मोठी बटणं आणि तीन खटके. खटका वर केला की गेट एका सुराकडे जायचं, खाली केला की दुसऱ्याकडे, मधे ठेवला की कुठंच नाही. पहिली दोन बटणं सुटी होती, प्रत्येकाला आपला खटका. उरलेली दोन मात्र त्यांनी एकामागं एक जोडून तिसऱ्या खटक्याला दिली होती.

"ही दोन्ही एकदम दाबल्याबिगर सूर निघायचा नाय," त्या म्हणाल्या. "पत्रा कापायच्या प्रेसला असंच असतंय. दोन्ही हात बटणावर गुंतलेले असले तरच प्रेस खाली येती. म्हंजी हात आत सापडत नाय."

मग त्यांनी वाजवून दाखवलं. उजव्या हातानं बटणं, डाव्या हातानं खटके, जोडीच्या बटणांवर दोन्ही हात. "हापसा कोरडा पडायच्या आधी आचके देतो बघा, तसं वाजवते." आणि खरंच तसंच वाजलं. दोन ठोके भरलेले, तिसरा अर्धवट, मग नुसता वारा, मग कुठून तरी एक घोट. गेट किती वेळ उघडं ठेवायचं हे त्यांच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी ते रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून त्यांनी ते ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण तोवर पडेगावची सगळी माळरानं शहरानं मागायला सुरुवात केली होती. नानासाहेबांनी प्लॉटिंग केलं. शेड पाडली. मी बेंगळुरूला नोकरी धरली.

"तिकडं जम बसला की तुम्हाला बोलावतो," मी म्हणालो.

"बोलवा," त्या म्हणाल्या. पहिले दोन महिने मी तसं ठरवत होतो. मग ठरवणंही बंद झालं.

२०१९ च्या मे महिन्यात घरी आलो तेव्हा शेंद्र्याला गेलो. पुन्हा दुष्काळ होता. कडूबाई ओट्यावर बसल्या होत्या, ओळखू न येण्याइतक्या वाळलेल्या. चहा दिला आणि मी न विचारता सांगायला लागल्या.

माझी शेड गेल्यावर त्या पत्रा कापायच्या प्रेसच्या एका वर्कशॉपमध्ये लागल्या. भावाची मुलगी तनुजा, बावीस वर्षांची, तिलाही त्यांनीच तिथं चिकटवलं. गेल्या दसऱ्यानंतर कामाचा रेटा आला. सुपरवायझर रामकिसन म्हणाला, दोन बटणांत वेळ जातो, तुला वायरिंग येतं, एक बटण कायमचं दाबलेलं राहील असं कर. त्यांनी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, मग उद्यापासून दोघी येऊ नका.

"चार बोटं लांबीची तार, सर. एक मिनिट बी लागला नाय."

अकराव्या दिवशी तनुजाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"चौकशीला सरकारी साहेब आले. वर्कशॉपनं लिहून दिल्तं, पोरीचा निष्काळजीपणा. म्या उभी राहिले. म्हणलं, तार म्या जोडली, रामकिसननं सांगितली म्हणून जोडली. रामकिसन म्हणला, मी असं बोललोच नाय. कागदावर माझं पयलं वाक्य तेवढं ऱ्हायलं."

वर्कशॉप दोषातून सुटलं. कडूबाईंना काढलं. भावानं दार बंद केलं. गावातल्या बायका पाण्याच्या रांगेत त्यांच्या मागं उभ्या राहत नव्हत्या.

"माझ्याबरोबर चला," मी म्हणालो. "काम आहे."

"आता नको सर. तार हातात धरली की वांती येती." मग म्हणाल्या, "तुमाला भाऊ घरात घेईल. तनुजाला विचारून या, येकदा तरी भेटती का."

भावाचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. तनुजा दारातच होती, उजवा हात ओढणीखाली. तिनं ऐकून घेतलं. आत बसलेल्या वडिलांकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्याला सांगा, इकडं फिरकू नको. ती गल्लीत दिसली की आबा मला बोलतात."

मी परतलो. कडूबाई ओट्यावरून उठून रस्त्यापर्यंत आल्या होत्या.

"तनुजा घरी नव्हती," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या जाता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेंगळुरूची गाडी होती.