अमरीशबाबांची शिट्टी

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी मी नाशिकहून निघाले, तेव्हा गाडीत माझ्या शेजारी सत्तरीचे एक गोरे गृहस्थ होते आणि मागच्या सीटवर तीन फुटबॉल. प्रत्येक वळणाला फुटबॉल या दाराकडून त्या दाराकडे जात, आणि गृहस्थ मागे वळून त्यांना इंग्रजीत दटावत.

त्यांचं नाव एम्रिस. वेल्समधल्या एका छोट्या गावाच्या फुटबॉल क्लबात ते चाळीस वर्षं कपडे धुणं, पाणी देणं आणि मैदानातून मेंढ्या हाकलणं अशी कामं करत आले होते. माझा धाकटा भाऊ त्या गावात दातांचा डॉक्टर आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी क्लबच्या जुन्या जर्सी गोळा करून मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या मुलांसाठी पाठवल्या होत्या. तिथल्या आश्रमशाळेतले खेळाचे शिक्षक भोये सर माझे जुने विद्यार्थी. त्यांनी जर्सी घातलेल्या संघाचा फोटो पाठवला, तो एम्रिसांनी स्वयंपाकघरात लावला, आणि शेवटी त्यांच्याने राहवेना. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, चारच दिवस. तू इंग्रजी शिकवतेस, दुभाषाचं काम कर." फुटबॉलमधलं मला काहीही कळत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कळायची गरजच काय?"

तोरंगणचा घाट उतरेपर्यंत मला वेल्सच्या फुटबॉलचा अख्खा मोसम ऐकावा लागला. त्यांच्या बायकांचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेला गेला आणि सगळे सामने हरला, पण पहिला गोल झाला तेव्हा एम्रिस खुर्चीवरून पडले होते. पुरुषांच्या विश्वचषक-पात्रतेचं घोडं अजून अडलेलं होतं, निकाल मार्चमध्ये लागायचा होता. देशातले चार-दोन मोठे क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतात, बाकीचे घरच्या लीगमध्ये. मोठ्या क्लबांबद्दल ते सासरी जाऊन माहेर विसरलेल्या लेकींसारखं बोलत. आणि त्यांचा स्वतःचा क्लब? दिवाळीच्या सुमारापासून एकही सामना जिंकलेला नव्हता.

"या मोसमात मला एक विजय बघायचाय," ते म्हणाले. "कुणाचाही चालेल. फक्त आमच्या जर्सीतला हवा."

मोखाड्याला आम्ही मिसळ खायला थांबलो. रश्श्याची वाटी वेगळी आली, ती त्यांना सूप वाटली. मी हात धुऊन येईपर्यंत त्यांनी ती संपवली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हॉटेलवाल्याला हात जोडून "व्हेरी गुड" म्हणत होते. हॉटेलवाल्याने विचारलं, "पाव्हणे इंग्लंडचे?"

"वेल्स!" एम्रिस ओरडले. 'इंग्लंड' हा शब्द त्यांना मराठीतही ओळखू आला.

वेल्स वेगळा देश आहे, पण एका अर्थाने नाहीही, हे मी हॉटेलवाल्याला समजावू लागले. त्याने मला मध्येच थांबवलं. "समजलं मॅडम. आमी पण आधी ठाणे जिल्ह्यात होतो. आता पालघर. त्यांना विचारा, यांचं मुख्यालय तरी जवळ आलं का?"

मी विचारलं. एम्रिस बराच वेळ विचार करून म्हणाले, "आलं म्हणतात." हॉटेलवाल्याने मान हलवली. "आमचं पण तसंच."

खोडाळ्याच्या पुढे रस्ता चढू लागला, आणि पानं गळलेल्या सागांतून सूर्यमाळचे पाडे (डोंगरातल्या विखुरलेल्या वस्त्या) दिसू लागले. भोये सर वाटेतच उभे होते. त्यांच्यासोबत संघाचा कप्तान काशिनाथ होता, पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, आणि अंगात ती लाल जर्सी. त्यालाही ती गुडघ्याच्या जरा वरपर्यंत येत होती. वेल्सची माणसं काय खातात कोण जाणे. छातीवर क्लबची खूण म्हणून एक मेंढी होती, त्यावरून पंचक्रोशीत या संघाला 'बकरी टीम' म्हणत. मेंढीखाली इंग्रजीत जाहिरात होती. ती मी वाचली आणि दुसरीकडे बघू लागले.

काशिनाथने नेमकं तेच विचारलं. "मॅडम, हे काय लिवलंय? भोये सर सांगत नाय."

लिहिलं होतं, 'पिढीजात अंत्यविधी सेवा, चोवीस तास.'

"सेवा," मी म्हणाले. "चोवीस तास सेवा."

"मंग बरोबर हाय," काशिनाथ खूश झाला.

एम्रिसांचं 'अमरीशबाबा' व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आमची सोय काशिनाथच्या घरी होती. त्याची आई सोमीबाई हिने नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी वाढली. बाबा चटणीकडे संशयाने बघत होते, मिसळीचा धडा ताजा होता.

जेवताना भोये सरांनी खरी गोष्ट सांगितली. उद्या जव्हारजवळच्या माळावर स्पर्धेची अंतिम लढत होती, दाभोशाच्या संघाशी. पहिलं बक्षीस बोकड, दुसरं कोंबडा. पण बोकड हे काही मुख्य नव्हतं. भात कापून झालं की इथली माणसं कामाला खाली उतरतात, वसई, भिवंडी, जिथे मिळेल तिथे. यंदा हा सामना खेळायचा म्हणून अकराच्या अकरा जण मागे थांबले होते. मुकादमाची जीप रविवारी सकाळी येणार होती.

"म्हणजे यांचा मोसम उद्या संपणार?" बाबांनी विचारलं.

"उद्याच," भोये सर म्हणाले. "आणि सर, ही स्पर्धा आपण आजवर कधीच जिंकलो नाही."

बाबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. त्यांना तो क्लब एकदम ओळखीचा वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये अकरा खेळाडू, भोये सर, बाबा, मी आणि चेंडू असे सगळे बसलो. मोजून बसलो असं म्हणवत नाही, कारण माझ्या मांडीवर कुणाचा तरी गुडघा थेट जव्हारपर्यंत होता. माळावर शे-दोनशे माणसं जमली होती. लाल माती, मधूनमधून वर आलेला कातळ, आणि गोलच्या जागी बांबू. फक्त पंच नव्हता. त्याची मोटरसायकल वाटेत बंद पडली होती.

भोये सर पुढे झाले, तर दाभोशाचा कप्तान म्हणाला, "तुमी नाय. तुमी त्यांचे." दाभोशाचा कुणीतरी उभा राहिला, तर काशिनाथ तेच म्हणाला. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू बाबांकडे वळल्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, ती त्यांच्या गळ्यात नेहमीच असते.

"पण कपडे यांनीच दिलेत ना त्यांना!" दाभोशाचा कप्तान म्हणाला.

त्यांच्यातला एक म्हातारा डोक्यावरचं फडकं सारखं करत म्हणाला, "दिले तं दिले, होऊ दे. आन याला आपली बोली येत नाय. कुणी याला फितवणार कसा?"

हा मुद्दा सर्वांना पटला. बाबांचं बोलणं कळायला हवं म्हणून मलाही मैदानात उतरावं लागलं. अशी मी, वय वर्षं एकावन्न, पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, आयुष्यातल्या पहिल्या फुटबॉल सामन्यात थेट मैदानाच्या मध्यावर उभी राहिले.

बाबांचे गुडघे धावण्यातले नव्हते. ते मधोमध उभे राहून शिट्टी वाजवत, आणि निकाल पोचवायला मी धावत असे. "ऑफसाइड," ते म्हणत. मी तिकडे जाऊन "ऑफसाइड!" ओरडे. "म्हंजे?" खेळाडू विचारत. मी परत येई. "म्हणजे काय विचारतायत." बाबा समजावत. मी पुन्हा जाई, आणि तोवर मला जेवढं आठवे तेवढं सांगे. "तुम्ही फार लवकर पुढे गेलात," असा माझा अनुवाद होता. एकदा चेंडू माझ्या पाठीवर आदळून दाभोशाच्या पायात गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणत्या बाजूच्या होत्या कळलं नाही.

पहिला गोल दाभोशाने केला. उत्तरार्धात काशिनाथच्या लांब फटक्यावर सूर्यमाळने बरोबरी केली. बाबा पंच होते, त्यांनी चेहरा दगडासारखा ठेवला. पण मी शेजारीच होते, त्यांनी शिट्टी मुठीत आवळलेली मला दिसली.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. दाभोशाचा चेंडू उंच आला, गोलसमोर सात-आठ जण एकदम उडाले, धूळ उठली आणि चेंडू बाहेर गेला. दाभोशाचे खेळाडूसुद्धा परत फिरले होते. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"हात लागला," बाबा इंग्रजीत म्हणाले. "पेनल्टी. सांगा त्यांना."

"कुणाचा?" मी विचारलं. खरं तर मलाही दिसलं होतं.

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. माझ्याशिवाय इथे त्यांची भाषा भोये सरांनाच येत होती, आणि ते लांब होते. 'कॉर्नर' हा शब्द मी त्या सकाळीच शिकले होते; 'पेनल्टी'ऐवजी तो ओरडले असते, तर गोल बहुधा टळला असता. पण बाबा स्वतःच लंगडत गोलपाशी चालत गेले आणि जमिनीकडे बोट दाखवून उभे राहिले.

सूर्यमाळचे दहा जण त्यांच्याभोवती गोळा झाले. "आमचेच कपडे, आमचाच बाबा, आन आमच्यावरच?" एक जण ओरडला. काशिनाथ मात्र जागेवरून हलला नव्हता. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. मग माझ्याजवळ आला.

"लागला," तो म्हणाला. "मॅडम, बाबाला सांगा, लागला म्हणून."

दाभोशाने गोल केला. बोकड दाभोशाला गेला.

परतीच्या जीपमध्ये कोंबडा तेवढा बोलत होता. खोडाळा मागे पडल्यावर बाबा खालच्या आवाजात मला म्हणाले, "चाळीस वर्षं पंचांना शिव्या दिल्या मी. प्रत्येकाला. आज वाटतं, त्यांतले निम्मे तरी रडत घरी गेले असतील."

सूर्यमाळला मोबाइलची रेंज फक्त गावामागच्या एका खडकावर मिळते. त्यांच्या क्लबचा सामना आपल्याकडच्या साडेपाचला सुरू व्हायचा होता, म्हणून उन्हं उतरताना बाबा खडकावर चढले. मागोमाग भोये सर, मी, काशिनाथ आणि एकेक करत बाकीचेही गेले. रागावले होते, पण तिकडे काय झालं ते हवंच होतं. बाबांनी फोन डोक्यावर धरला. फोन वाजला. त्यांनी वाचलं, आणि सत्तर वर्षांचा तो माणूस खडकावर चक्क उडी मारायला बघत होता. काशिनाथने त्यांना कमरेला धरलं.

"जिंकले?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"पाऊस!" मी वाचून सांगितलं. "मैदानात तळं साचलंय. सामनाच रद्द."

"मंग खूश कशाला?"

"हरले नाहीत ना!"

मग काशिनाथ हसायला लागला, खडकावर बसून पोट धरून, आणि मग सगळेच. भोये सर डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, तो पाऊस एप्रिलमध्ये इकडे पाठवा. विहिरीत टिपूस नसतो."

रात्रीच्या जेवणाला सोमीबाईने कोंबडा शिजवला. पण पाड्यातली दोन-तीन माणसं ओट्यावर येऊन बसली होती आणि त्यांचा राग अजून गेला नव्हता. बाबांना तोंडावर विचारता येत नव्हतं, म्हणून मला विचारत होते. एवढं लांबून आला, पोरांना जिंकवून गेला असता तर याचं काय गेलं असतं? सोमीबाईने पळी भांड्यावर आपटली.

"पाव्हणा असता तं बोकड देऊन गेला असता," ती म्हणाली. "गोड बोलून, हात जोडून. पोराचा हात धरून 'तुझंच चुकलं' असं म्हणतो, तो घरचाच असतो. वाढू का रस्सा?"

मी हे भाषांतर करून सांगितलं. बाबांनी ताट पुढे केलं, आणि रस्सा तिखट आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

सकाळी मुकादमाची जीप आली. बायाबापड्या, तान्ही पोरं, पातेली आणि गोधड्या चढल्या. खेळाडूंनी जर्सी धुऊन, वाळवून, घड्या घालून भोये सरांकडे दिल्या होत्या. काशिनाथने चढण्याआधी बाबांशी हात मिळवला, उजवाच. मी भाषांतराला पुढे झाले, पण तोवर तो जीपमध्ये चढलाही होता.

बाबांना मी मुंबईला विमानात बसवून आले. नंतर सगळ्यांना मी हीच गोष्ट हसत हसत सांगितली, आणि लोक हसलेही. पण सांगताना एक जागा अशी यायची की मी पटकन पुढे जायचे. ती म्हणजे 'कॉर्नर' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, ती. एरवी आपण खरं बोलतो ते बहुतेक वेळा स्वस्तात, हे मला त्या माळावर कळलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, काशिनाथचा फोन आला. मागे आरडाओरडा चालला होता. भिवंडीत गोदामांच्या मागे एक मोकळा तुकडा सापडला होता आणि तिथे बिहारच्या मजुरांशी सामना रंगला होता.

"मॅडम, भांडण झालंय. चेंडू रेषेच्या भायेर गेला. ते म्हणतात फेक त्यांची, आमी म्हणतो आमची. बाबाला विचारून सांगा."

वेल्समध्ये तेव्हा भल्या सकाळचे आठ वाजत होते. मी घड्याळाकडे बघितलं, मग म्हणाले, "शेवटचा पाय कुणाचा लागला?"

"माझा."

"मग फेक त्यांची."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन खाली धरून ओरडला, "उनका है! थ्रो उनका है, मॅडम बोली!" कुणीतरी जोरात हसलं. शिट्टी नव्हती, कुणी तरी दोन बोटं तोंडात घालून वाजवली. फोन बंद करायचा तो विसरला होता. पावलांचे आवाज, हिंदी, मराठी, डोंगरातली बोली, चेंडूचा ठप्प असा आवाज. मला काहीही कळत नव्हतं. तरी मी खुर्ची ओढून घेतली आणि सामना संपेपर्यंत ऐकत बसले.