बंडप्पा गुळव्याची तुला

निजामाच्या राज्यात बेंबळीच्या आसपास गुऱ्हाळ लागलं की बंडप्पा गुळव्याला बोलावणं जाई. गार पाण्यात बोटं बुडवून उकळत्या काहिलीतून पाकाची गोळी उचलायची आणि "उतरवा" म्हणायचं, हे त्याचं काम. दुसरं काम, चुलवाणातल्या निखाऱ्यावर बिडी पेटवायची. ते तो जास्त मन लावून करी. पंचवीस वर्षांत माणूस चरकातून निघालेल्या चिपाडासारखा झाला होता, आणि खोकायला लागला की चरकाचे बैल थबकत.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर तो अंथरुणाला खिळला. धाराशिवच्या हकिमानं छातीला कान लावून सांगितलं, "बिडी नाहीतर जान. दोन्हीतलं एकच राहील." बायको शांताक्का तिथंच पदर पसरून येडशीच्या रामलिंगाला नवस बोलली. शिवरात्रीपर्यंत ह्यांनी बिडीला तोंड लावलं नाही, तर ह्यांच्या भारंभार गूळ वाहीन.

बंडप्पा पडल्या पडल्या खूश झाला. हंगामाची मजुरी त्याला गुळातच मिळे, आठ ढेपी. आपलं वजन पाच ढेपींच्या वर जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीन ढेपी घरात वर्षभराला राहणार. देव राजी, आपणही राजी.

बिडी सुटली खरी, खोकला उतरून तो कामालाही लागला, पण तोंड रिकामं कसं राहणार? गुऱ्हाळावर हाताशी काय असतं, तर कोमट गूळ आणि शेंगदाणे. बिडीची तल्लफ आली की बंडप्पा एक खडा तोंडात टाकी, आणि तल्लफ तर दर घटकेला येई. पौषात बाराबंदीचे बंद जुळेनात. संक्रांतीला तो गाडीत चढला तर गाडीवानानं दोन पोती मागं सरकवली.

चुलवाणात चिपाड सारणारा मल्लिनाथ एकदा म्हणाला, "बंडप्पा, तू दोन्हीकडनं बुडालास बघ. खायलास त्यो गूळ, आन् अंगाला चढलं त्येच्या बदल्यात देवाला घालायचा त्योबी गूळच."

बंडप्पानं हातातला खडा खाली ठेवला. त्या दिवसापासून गूळ बंद, शेंगदाणे बंद. तो चरकाच्या बैलांमागं गोल गोल चालू लागला. बैल बदलले जात, बंडप्पा तोच. दोन वक्ताला दोन कोरड्या भाकरी. पण नवल असं की, त्या कोरड्या भाकरी त्याला अमृतासारख्या लागत.

"बिडीनं जीभ मारली व्हती माझी," तो शांताक्काला सांगे. "ज्वारी एवढी गोड असती, हे आत्ता कळालं मला."

"असती की," शांताक्का म्हणे आणि तव्यावरची भाकरी उलटवी.

महिना झाला तरी बंद जुळेनात. मल्लिनाथानं मग बिडीच पुढं केली. "दोन झुरके मार. भूक मरती. कोण बघतंय?"

बंडप्पानं बिडी ओठांत धरली, निखाराही उचलला. तीन ढेपी डोळ्यांपुढं दिसू लागल्या. रामलिंगाला कळलं असतं तर त्याची समजूत काढता आली असती, पण शांताक्काला वास आला असता. त्यानं बिडी चुलवाणात टाकली आणि तणतणत बैलांमागं निघाला.

शिवरात्रीला रामलिंगाच्या आवारात काटा टांगला. एका पारड्यात बंडप्पा पाय आखडून, श्वास रोखून बसला. श्वासाचंही वजन होईल अशी त्याला धास्ती. दुसऱ्या पारड्यात पाच ढेपी गेल्या. पारडं हललं नाही. सहा गेल्या, सात गेल्या. शांताक्कानं आठवी फोडून अर्धी ठेवली तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

"काटा खोटाय!" बंडप्पा ओरडला. "महिनाभर कोरड्या भाकरीवर काढलाय म्या!"

"कोरड्या कुठल्या? दुधात मळत व्हते. लोणी घालून."

जत्रेतली माणसं फिदीफिदी हसली. बंडप्पा लालबुंद झाला. "अगं, मग वर्षभर घरात गोड काय खायचं?"

शांताक्का जवळ आली आणि हळूच बोलली. "दसऱ्याला तुमची बरगडी न् बरगडी मोजता यायची. रातभर खोकला ऐकत मी जागी असायची. थांबला की उठून नाकाशी हात धरून बघायची. तवा तुमी गेला असता, तर घरात गूळ कुणासाठी ठिवला असता म्या? आता अंगाला मास धरलंय. ते कमी करू नगा. देवाला काय घालायचं ते घालू आपण."

 बंडप्पानं एक लांब श्वास घेतला. खोकला आला नाही.

गुरव म्हणाला, "झाली तुला. उतरा आता."

"न्हाय उतरत," बंडप्पा म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला नारळ ओढून त्यानं मांडीवर घेतला. त्याचं पारडं खाली गेलं. "बघ, गूळ कमी पडला. ती उरलेली अर्धी बी घाल."