खिडकीपाशी उभा असलेला माणूस

रक्तपेढीच्या खिडकीला हात टेकून एक माणूस उभा होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण अवघड झालं होतं आणि तिचा रक्तगट फार थोड्यांचा असतो त्यांपैकी होता. आत नीलिमाताई संगणकावर दाता शोधत होत्या. पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत होतं.

"दादा, शोधतेय हो," त्या म्हणाल्या. तो काचेतून त्या चक्राकडे बघत राहिला.

तिथला दात्यांच्या नोंदींचा डेटाबेस इतका का रखडतो, हे पाहायला मला बोलावलं होतं. कारण साधं निघालं. दात्याने शेवटचं रक्त कधी दिलं हे कळण्यासाठी यंत्र नावागणिक आजवरच्या साऱ्या नोंदी पहिल्यापासून वाचत होतं, कारण दात्यांच्या क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, नव्हता. आम्ही सगळे त्याला मंद म्हणत होतो. खरं तर ते मरमर राबत होतं. नेमकं कुठे बघायचं, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माणसांच्या बाबतीतही आपण हे किती सहज विसरतो.

मी इंडेक्स केला. ताईंनी पुन्हा शोध दिला आणि बोट उचलायच्या आत नाव आलं. त्यांनी फोन लावला.

थोड्या वेळाने हेल्मेट काखेत धरून एक मुलगी आत आली. "कोणाला हवंय रक्त?" तिने विचारलं.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाने, वर्गातल्या मुलासारखा, हात वर केला.