व्याहीबुवांचा शाईचा हात

२००३ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर एकाही माणसाचं मुकाट्यानं ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ज्यांचं ऐकलं ते माझे व्याही, आणि त्यांच्याइतका विक्षिप्त माणूस नायगावपासून विरारपर्यंत दुसरा नव्हता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही.

जन्मभर बसच्या डेपोत वायरिंगची कामं करून ते निवृत्त झाले होते. मोटारीत चढताना देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढायचे. एकदा आगाशीच्या नाक्यावर माझ्या गाडीत चढले, चपला रस्त्यावरच राहिल्या, आणि गृहस्थ लग्नाच्या पंगतीला अनवाणी पोचले. मोटारमालकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "गाडी कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो चालवणारा," म्हणायचे. कागदावर तर त्याहून नव्हता. कागद हरवतो, हात हरवत नाही, असं त्यांचं शास्त्र. म्हणून मोजलेला प्रत्येक आकडा बॉलपेनानं डाव्या हातावर लिहायचे. माझ्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवऱ्या मुलाचा हा बाप अक्षता टाकत होता, आणि मनगटापासून कोपरापर्यंत कुणाच्या तरी ट्रकच्या बॅटरीचा हिशेब लिहिलेला. आमची आत्या मला म्हणाली, "अरे, व्याह्यानं गोंदून घेतलंय की काय?"

आता माझं सांगतो. माडावरून पडून माझा डावा पाय कामातून गेला होता. क्लच दाबणं जमेना, बसची पायरी चढवेना, आणि दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत गठुड्यासारखं बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून आपोआप गिअर बदलणारी एक जुनी परदेशी गाडी घेतली. रोज सकाळी अर्नाळ्याजवळच्या आमच्या वाडीतला सोनचाफा ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवायचा, आणि विरारला लेकीच्या बिल्डिंगखाली जाऊन हॉर्न द्यायचा. आमची बाय, म्हणजे लेक, खाली येऊन फुलं घ्यायची. "दादा, वर या ना. घोटभर पाणी तरी घ्या."

मी नाही म्हणायचो. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमची रीत. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मी रीत सोडली नाही, फुलंही सोडली नाहीत. माझ्या रोजच्या 'नको'चा तिला काय अर्थ लागत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग एका सकाळी गाडी तिसऱ्या गिअरला अडकली ती अडकलीच. सिग्नलवरून निघताना दम लागलेल्या म्हातारीसारखी कण्हायची, आणि समोर गिअरचा दिवा लुकलुकायचा. वसईतल्या एका गॅरेजवाल्यानं खाली वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, काका. भंगारात काढा." मी घरी येऊन बसलो. पाचव्या दिवशी न बोलावता व्याही दारात.

"सून चार दिवस खिडकीत उभी असते. गाडीला काय झालं?" मला काय झालं, हे विचारलं नाही.

चपला काढून आत बसले, डॅशबोर्डखालच्या प्लगात तारेचा तुकडा घातला आणि तो दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. "गप्प बसा, ती सांगतेय." दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरून बिघाड कळतो म्हणे; त्यांनी लुकलुक मोजली, हातावर लिहिली. मग मीटर घेऊन गिअरबॉक्सपासून एकेक तार तपासत आले. तासाभरानं म्हणाले, "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. तारा ठीक आहेत. हुकूम देणाराच मुका झालाय." हा हुकूम देणारा म्हणजे कोणता गिअर कधी टाकायचा ते ठरवणारा कॉम्प्युटर. त्यांनी शेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचललं. खाली पत्र्याचा चपटा डबा. उघडला तर आत हिरवा गंज, आणि झाकणाच्या फटीत चाफ्याची वाळून काळी पडलेली पाकळी.

"इथं काय ठेवता?"

"फुलं."

"ओली?"

"मग लेकीला सुकलेली देऊ?"

त्यांनी पाकळी माझ्या तळहातावर ठेवली. "व्याहीबुवा, ज्याला पाणी सोसत नाही त्याला तुम्ही सात वर्षं रोज पाजलंत. आणि जिथं पोर हात पुढं करून देते, तिथं तोंड फिरवता."

मी भडकलो. "तुम्ही गाडीचं बघा!"

"तेच बघतोय," म्हणाले, आणि डब्यावरचा नंबर हातावर लिहून निघून गेले.

नेमक्या त्याच नंबरचा डबा हवा होता. त्यासाठी तीन दिवस ते कुर्ल्याचा भंगारबाजार धुंडाळत होते, आणि आकडे पुसू नयेत म्हणून अंघोळीला डावा हात बाहेर काढून बसत होते. चौथ्या दिवशी आपल्या मफलरात गुंडाळून डबा आणला. आधी बॅटरीची तार सोडली, मग खाली लाकडाच्या दोन पट्ट्या घालून डबा उंचावर बसवला. अर्नाळ्याच्या रस्त्याला गाडी काढली, तर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, गिअर कधी बदलला ते कळलंही नाही. दिवा विझलेला. मला आभार मानता येत नाहीत, कुणी शिकवलेच नाहीत. त्यांनीही वाट पाहिली नाही. थुंकी लावून हातावरचा नंबर पुसला आणि चपला शोधायला लागले.

आता ते नाहीत. कुणाच्या हातावर शाई दिसली की मी अजून थांबून बघतो.

गाडी नीट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं स्टीलच्या डब्यात भरली, विरारला गेलो आणि हॉर्न दिला नाही. डावा पाय ओढत दोन मजले चढलो. बायनं दार उघडलं.

"पाणी दे," मी म्हटलं.

तिनं तांब्या आणला. घाईत पुढं करताना अर्धं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. उरलेलं मी सगळं प्यालो. खुर्चीत बसलेल्या व्याहीबुवांनी मान वर केली नाही. फक्त खिशातलं पेन काढलं आणि डाव्या हातावर काहीतरी लिहिलं.