वर्षाराणीची लेन्स

शाहूपुरीत माझी फोटो प्रिंटिंगची लॅब आहे. कोल्हापुरातल्या निम्म्या फोटोग्राफरांची अब्रू माझ्या मशीनमधून बाहेर पडते. कुणाचा फोकस चुकला, कुणाचा हात हलला, कुणी नवरीला कॉम्प्युटरवर घासून घासून पांढरीफटक केली, सगळं आधी मला दिसतं. आणि दिसलं की मी तोंडावर सांगतो. त्यामुळे काही जण दुसऱ्या लॅबला गेले. गेले तर गेले.

वर्षाराणी गेली नाही. ती कसबा बावड्याची सून. नवरा उदयसिंह दुधाची गाडी चालवतो, दारात चार म्हशी आहेत. लग्नाआधी ती एका स्टुडिओत अल्बम चिकटवायच्या कामाला होती, तिथंच कॅमेरा हातात घ्यायला शिकली. पहिल्यांदा माझ्याकडे प्रिंट काढायला आली तेव्हा मी सवयीप्रमाणे तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "धैर्यादा, आरडू नगासा. चूक कुठं हाय त्येवढं दावा." मी दाखवली. पुढच्या खेपेला ती चूक नव्हती. तेव्हापासून ती माझ्या मर्जीतली.

घरात मात्र तिचं काम कुणाच्या लेखी काम नव्हतं. उदयसिंह गप्प असायचा, पण सासू, तानाबाई, गप्प बसणारी बाई नव्हे. "बाईमाणसानं गर्दीत घुसून लोकांच्या लेकीसुनांचं फोटू काढत हिंडायचं, ह्ये कुठलं काम?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. सून काय करते असं पै-पाहुण्यानं विचारलं, तर म्हणायची, "घरातच असती." सहा वर्षं वर्षाराणी हे वाक्य ऐकत आली. एकदा माझ्या काउंटरला टेकून ती म्हणाली, "मारलं तरी चाललं असतं, दादा. पर आत्ती म्हंत्यात, घरातच असती." सासूला ती आत्ती म्हणते.

अशात तिला काम मिळालं. कागलकडचे अमरसिंह म्हणून पशुखाद्याचे कारखानदार आहेत. त्यांना कॅलेंडर काढायचं होतं, बारा महिन्यांच्या बारा म्हशी. फोटो दिवाळी पाडव्याला काढायचे. पाडव्याला आपल्याकडे म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, अंगावर नक्षी, पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल आणि मालकाच्या हाकेसरशी मागं सुसाट धावणारी म्हैस. ते पुन्हा होत नाही. ज्याला मिळालं त्याला मिळालं. वर्षाराणीनं घरी सांगून टाकलं होतं, हे काम नीट झालं तर माझं काम हेच. नाही झालं तर कॅमेरा विकून दूध संकलनाच्या टेबलावर बसते. अशी पैज कुणी लावतं का? मी तिला शिव्या घातल्या. पण ती एकदा बोलली की बोलली.

आणि दसरा झाल्यावर तिचे फोटो बिघडायला लागले.

पहिल्यांदा एक डोहाळजेवण आलं. प्रिंट बाहेर पडले आणि मला वाटलं मशीनच गेलं. हललेले नव्हते, फोकसही जागेवर होता, पण धार नव्हती. नथीतले मोती मोत्यासारखे नव्हते, साबणाच्या फेसासारखे दिसत होते. आमच्या धंद्यात याला सॉफ्ट म्हणतात. नाव नाजूक आहे, पण दुखणं वाईट. मी म्हणालो, "लेन्सला मोतीबिंदू झालाय काय गं?" तिला हसू आलं नाही.

तिनं आधी स्वतःवर संशय घेतला. हात हलत असेल म्हणून शटरचा वेग वाढवला. तसंच. मग पुढच्या काचेला संरक्षणासाठी लावलेला फिल्टर काढून टाकला. तसंच. एका बारशाचे फोटो त्याहून मऊ आले. पुढची काच ती रोज फुंकर मारून, द्रव लावून पुसायची, काच अशी की तीत तोंड बघावं. तरी तसंच. सरावाला म्हणून घरच्या म्हशींचे फोटो तिनं अमरसिंहांना पाठवले आणि तिथं फसली. त्यांचा फोन आला तेव्हा ती माझ्याच दुकानात उभी होती. स्पीकरवर मीही ऐकलं.

"ताई, ह्या म्हशी धुक्यात बांधल्यात काय? मला केस न् केस दिसाय पायजे. पाडव्याला असलंच येणार असंल तर आत्ताच सांगा, दुसरी मान्सं हाईत माज्याकडं."

"न्हाय, साहेब. पाडव्याला नीट येतंय," वर्षाराणी म्हणाली. फोन ठेवला आणि खालचा ओठ दातात धरून उभी राहिली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, भर दुपारी ती दुकानात आली. मी शटर अर्धं ओढून झेंडूच्या माळा करत बसलो होतो. बायकोचे दोनदा फोन येऊन गेले होते, पूजेचं सामान कुठं अडलं म्हणून. मी म्हणालो, "आज नको." तिनं ऐकलंच नाही. पिशवीतून वर्तमानपत्राचं पान काढलं, चिकटपट्टीनं भिंतीला डकवलं, तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, उभं केलं आणि कॅमेरा चढवला.

"आज ह्येचा निकाल लावती," ती म्हणाली.

पुढचा तास मी जन्मात विसरणार नाही. तिकाटण्यावर कॅमेरा, म्हणजे हाताचा प्रश्न मिटला. बटणालाही बोट न लावता टायमरनं फोटो काढला. अक्षरं मऊ. कॅमेऱ्याचा आपोआप लागणारा फोकस बंद करून, पडद्यावर मोठं करून हातानं फोकस लावला. मऊच. मग त्याच कॅमेऱ्याला तिची छोटी लेन्स लावली. बारीक जाहिरातीतला शब्द न् शब्द वाचता आला. म्हणजे कॅमेरा निर्दोष. मग तिची ती लांबची लेन्स, जिच्याशिवाय पळणारी म्हैस पकडता येत नाही, ती माझ्या लॅबच्या कॅमेऱ्याला लावली. अक्षरं पुन्हा फुगली.

"लेन्सच हाय," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता.

मी उगाच ओरडलो. "पाडलीस कुठंतरी! आतली काच हललीय. आता पुण्याला पाठव आणि बस महिनाभर वाट बघत!"

"मी न्हाय पाडली."

"मग आपोआप बिघडली व्हय?"

"दादा, देवाशपथ न्हाय पाडली!" ती माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. दुरुस्तीची दुकानं दिवाळीला बंद. ज्यांच्याकडे तशी लेन्स होती ते सगळे उद्या स्वतःच म्हशींमागं धावणार. मी तरी चार जणांना फोन लावले. दोघांनी उचलला नाही, एकानं नाही म्हटलं, एक हसला. मला त्या हसणाऱ्याचा इतका राग आला की हातातली माळ तुटली.

वर्षाराणीनं लेन्स कॅमेऱ्यातून काढली आणि दाराच्या उजेडाकडे धरली. "धूळ जाईल आत, झाक ती!" मी म्हणालो. तिनं झाकली नाही. तिरकी केली. परत तिरकी केली. मग माझ्या जवळ आणून म्हणाली, "ह्ये बघा."

मागची काच होती. कॅमेऱ्याच्या आत जाते ती, सुपारीएवढी. सरळ बघितलं तर लख्ख. तिरकं बघितलं तर तिच्यावर रंग फिरत होते, रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर फिरतात तसे. आम्ही सगळे पुढची काच पुसतो. मागची कोण बघतं? ती कायम झाकणात नाहीतर कॅमेऱ्यात असते. तिथं जरासा चिकटा बसला तरी अख्खा फोटो दुधाळतो, हे मला माहीत होतं. तरी मला सुचलं नव्हतं, आणि याचा मला अजून राग येतो.

तिनं काचेच्या कडेला बोट टेकवलं, नाकाशी नेलं.

"गोडं तेल हाय."

"तेल? लेन्सला तेल कोण लावतंय?"

तिनं मोबाइल काढून एक फोटो माझ्यापुढं धरला. खंडेनवमीचा. त्या दिवशी ती माहेरी, कुरुंदवाडला होती, आणि उदयसिंहानं घरातल्या पूजेचा फोटो तिला पाठवला होता. पाटावर घरची हत्यारं मांडलेली. कोयता, विळा, दुधाच्या गाडीचे पाने. आणि त्यांच्या शेजारी तिचा कॅमेरा आणि ही लेन्स, दोन्ही बाजूंची झाकणं काढून उभी केलेली, पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट. सगळी हत्यारं चकचकत होती. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यार आधी तेलाच्या फडक्यानं पुसतात, गंज चढू नये म्हणून, आणि मग कुंकू लावतात. तानाबाईनं कोयता पुसला, पाने पुसले आणि त्याच फडक्यानं लेन्सही पुसली. पुढून आणि मागून.

"कुंकू मी आल्यावर पुसलं," वर्षाराणी म्हणाली. "मागचं मला काय ठावं? दादा, सहा वर्षांत पयल्यांदा माजा कॅमेरा पाटावर मांडला हुता आत्तींनी. ह्यो फोटू बघून मी कुरुंदवाडच्या स्टँडवर रडली."

मी कापूस, द्रव आणि मऊ कागद काढून दिले. तिनं काच पुसायला घेतली. मधून कडेला, एकाच दिशेनं, कागद बदलत. एक कण जरी अडकला तरी काचेवर ओरखडा पडला असता. मी हात मागं बांधून उभा राहिलो. तेल एकदम निघेना, नुसतं पसरायचं. चौथ्या की पाचव्या कागदाला रंग फिरायचे थांबले. लेन्स चढवली, भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढला, पडदा मोठा केला. श्रद्धांजलीच्या चौकटीतल्या म्हाताऱ्याच्या मिशीचे केस मोजता येत होते. मी त्या अनोळखी म्हाताऱ्याला हात जोडले.

पाडवा झाला. रंगवलेली शिंगं, उडालेली माती, मोटारसायकलमागं झेपावणाऱ्या म्हशीच्या नाकपुडीवरचं पाणी, सगळं आलं. अमरसिंहांनी फोटो बघितले आणि फोनवर नुसतं "व्हय, ह्ये पायजे हुतं" म्हणाले.

भाऊबीजेनंतर मी प्रिंट घेऊन बावड्याला फराळाला गेलो. तानाबाईनं एकेक म्हैस निरखून बघितली. म्हशीतलं तिला कळतं. मग विचारलं, "मग मदी फोटू का बिघडलं हुतं गं?"

उदयसिंह चिवडा खात राहिला. मी वर्षाराणीकडे डोळे वटारले, काहीतरी थाप मार म्हणून. पण तिला थाप मारता येत नाही.

"काचंला मागनं तेल लागलं हुतं, आत्ती. खंडेनवमीचं."

तानाबाईनं प्रिंट खाली ठेवले. तिला समजायला वेळ लागला नाही. उठली आणि गोठ्यात गेली, ती मी निघेपर्यंत आलीच नाही. नंतर कळलं, दोन दिवस बाई जेवली नव्हती. वर्षाराणी म्हणाली, "आता आत्ती परत कदी कॅमेरा पाटावर न्हाय मांडायच्या, दादा." मला तिचं खरं वाटलं आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी त्यांच्याकडे होतो, नव्या कॅलेंडरच्या कामासाठी. पाटावर कोयता होता, विळा होता, पाने होते. कॅमेरा नव्हता. तो पिशवीत, चेन लावून, खुंटीला टांगला होता. मी वर्षाराणीकडे बघायचं टाळलं. तानाबाईनं सगळ्या हत्यारांना फडकं फिरवलं, कुंकू लावलं. मग कोयता जरा बाजूला सरकवला, शेजारी आणखी एक पाट टाकला आणि सुनेला म्हणाली, "बस."

"मी?"

"बस की!"

वर्षाराणी बसली. तानाबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. मग तेलाची वाटी उचलली, बोटं बुडवली आणि सुनेच्या टाळूवर भरपूर तेल थापलं.

"ह्येला चालतंय तेल," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं चोळायला लागली.