कावळा लगेच शिवला

नवऱ्याचा वेटसूट आमच्या सौदीतल्या, दम्मामच्या घरात बाथरूमच्या दारामागे टांगलेला असायचा. तो गेल्यावरही मी तो काढला नाही. काळा, जाड रबराचा, गुडघ्यांत किंचित वाकलेला. दार लोटलं की तो हलायचा आणि दर वेळी माझ्या तोंडून "अरे, सरक" निघून जायचं. लेक म्हणायची, "आई, कबर्डमध्ये ठेव ना प्लीज, मला भीती वाटते." ठेवते म्हणायचे आणि ठेवायचे नाही. एसी चालू असला की त्याचा वास घरभर फिरायचा. खारट, जरासा कुबट, नवरा समुद्रावरून आला की त्याच्या केसांना यायचा तसाच.

पाण्याखाली जाण्याचं हे वेड त्याला चाळिशीत लागलं. कंपनीतल्या कुणीतरी लावलं. दोन-तीन महिन्यांतून एकदा गुरुवारी विमानाने जेद्दाला जायचा, तिथून उत्तरेला तांबड्या समुद्राच्या काठी एक रिसॉर्ट होतं तिथे, आणि शनिवारी परत. गालांवर मास्कचे वळ, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान, की त्याला लगेच काहीतरी कामाला जुंपल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. "काय बघितलंस?" विचारलं तर म्हणायचा, "मासे." मी दापोलीची. मासे नुसते बघायला विमानाने जाणारा माणूस आमच्या दोन्ही घराण्यांत पहिलाच.

सुरुवातीला तो मलाही चल म्हणायचा. मी साफ नाही म्हणायचे. कारण भीतीचं नव्हतं, उष्ट्याचं होतं. मला कुणाचं उष्टं चालत नाही. लहानपणापासून नाही. घरात माझा पेला वेगळा, प्रवासात पाण्याची बाटली वेगळी, लेकीने अर्धवट टाकलेलं आइस्क्रीमसुद्धा मी कधी संपवलेलं नाही. आणि हा मला सांगणार, की सिलिंडरमधली हवा घ्यायला एक रबरी तुकडा दातांत धरून ठेवायचा, त्याला माउथपीस म्हणतात, तिथे भाड्याने मिळतो! म्हणजे जगभरच्या लोकांनी चावलेला.

"लग्नात माझी उष्टी हळद बरी चालली तुला," तो म्हणायचा.

"ती अंगाला लावली होती. चाटली नव्हती."

यावर तो खो खो हसायचा. एकदा त्याने मला सांगितलं, की खाली एखाद्याची हवा संपली तर दोघं जण एकाच माउथपीसमधून आळीपाळीने श्वास घेतात. मी "शी!" म्हटलं, तर ते "शी" तो आठवडाभर घरात घोळवत होता. पुढे पुढे त्याने मला विचारणं सोडून दिलं. मी गेले नाही याचा मला पश्चात्ताप वगैरे नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मला जायचं नव्हतं, म्हणून गेले नाही.

तो गेला कंपनीच्या बसमध्ये. संध्याकाळी धाहरानहून घरी येताना, सीटवर, खिडकीला डोकं टेकून. शेजारच्याला वाटलं झोप लागली आहे.

त्याला आम्ही दापोलीला घेऊन गेलो. दहाव्या दिवशी नदीवर लेक आणि मी, दोघीही गेलो. बायका येत नाहीत असं कुणीतरी पुटपुटलं, पण माझं तोंड बघून गप्प बसलं. दिरांनी पिंडाचं पान खाली ठेवलं. कावळा शिवेपर्यंत थांबायचं, नाही शिवला तर माणसाची काही इच्छा राहिली आहे असं समजायचं, मग हात जोडून एकेकाने सांगायचं, की मुलीला सांभाळू, अमुक करू, तमुक करू. मी मनात सगळी तयारी करून उभी होते. काय काय कबूल करायचं ते जुळवत होते. पण दिरांचा हात पानावरून निघतो न निघतो तोच कावळा आला आणि भात घेऊन गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "तृप्त होऊन गेला हो," एक काका म्हणाले. मामंजींचं म्हणे तासभर अडलं होतं. सगळ्यांना बरं वाटलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. इच्छा राहिली नाही? एकही? घरात चौदा वर्षांची मुलगी, मी चाळिशीची, दम्मामच्या घरात गॅसवर त्या दिवशीची आमटी तशीच, आणि याचं काही म्हणजे काही राहिलं नाही? कुठे एवढं पोट भरून आला होता हा माणूस?

हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. दम्मामला परतलो, कारण लेकीची दहावीची परीक्षा होईपर्यंत कंपनीने आम्हाला राहू दिलं होतं. आमचे इकामे, म्हणजे राहायचे परवाने, त्याच्या नोकरीवर. परीक्षा संपली की फायनल एक्झिट, कायमचं जायचं. दिवसभर खोकी भरायचे आणि बाथरूमचं दार उघडलं की तो वाकलेल्या गुडघ्यांनी उभा. मला वाटायचं, हा आता मला बघून हसतोय. आणि मग एक दिवस मी त्याची बॅग उघडली.

त्याचा रेग्युलेटर, म्हणजे ती श्वासाची नळी, टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलेली होती. टोकाला माउथपीस. त्यावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या. त्याचा डावीकडचा सुळा जरा वाकडा होता, तिथे खोल खळगा पडला होता. मी त्यात करंगळीचं टोक घालून बघितलं. बरोबर बसलं. मी लेकीला हाक मारली आणि सांगितलं, की जायच्या आधी आपण त्या रिसॉर्टला जाणार, मी खाली जाणार, आणि हाच तोंडात धरून जाणार. बाबाला तिथे काय मिळालं ते मला बघायचंय.

"आई, तू? दुसऱ्याचा माउथपीस?" ती म्हणाली.

"दुसरा कोण गं? बाप आहे तुझा."

रिसॉर्ट साधंच होतं. पांढऱ्या खोल्या, लाकडी धक्का, खुर्च्या. कावळेही होते. आपल्याकडचेच, मानेशी राखाडी. कधीकाळी जहाजांवर बसून आले म्हणतात. मला त्यांना बघूनच राग आला. पाण्याखाली नेणारा इन्स्ट्रक्टर इजिप्तचा होता, पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. त्याने आधी बॅग ओळखली, मग आम्हाला. लेकीने बाबा गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून मान खाली घातली.

मग त्याने रेग्युलेटर हातात घेऊन उलटसुलट केला आणि माउथपीस ताणून दाखवला. सुळ्याच्या खळग्यापाशी तो फाटला होता.

"खलास," तो म्हणाला. "पाणी आत येईल. नवीन लावतो."

आणि मी काही म्हणायच्या आत त्याने कटरने पट्टी तोडून तो काढलासुद्धा. मी त्याच्या हातातून तो हिसकावून घेतला. इंग्रजीत सांगायला गेले तर शब्द सापडेना. लेकीला म्हटलं, याला सांग, हे उष्टं आहे, मला हेच हवंय.

"आई, उष्टंला इंग्लिशमध्ये वर्डच नाहीये." तिने तरी प्रयत्न केला. "सर, इट्स यूज्ड. माय फादर यूज्ड इट."

"हो ना, वापरलेला आहे, म्हणूनच बदलायचा," तो बिचारा म्हणाला. "मॅडम, खाली पाणी तोंडात गेलं तर तुम्ही घाबराल. मी नेणार नाही."

मी तिथेच बाकावर बसले आणि रडू लागले. नवरा गेला तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. उद्या परतीचं विमान, नंतर या देशात पुन्हा पाऊल नाही, आणि आयुष्यात एकदाच कुणाचं उष्टं तोंडात घ्यायचं ठरवलं तर तेही नशिबात नाही.

तो माणूस आत गेला. खण उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची दोन पाकिटं होती. दोन निळे माउथपीस, एक मोठा, एक लहान. पाकिटं फोडलेली नव्हती, पण खणात राहून राहून मळली होती.

"हे तुमच्या मिस्टरांनी इथे ठेवलेत," तो म्हणाला. "केव्हापासून आहेत. म्हणाले होते, माझी बायको दुसऱ्या कुणाचा तोंडात घेणार नाही, म्हणून नवे आणून ठेवतोय. दर वेळी आले की विचारायचे, आहेत ना? मी म्हणायचो, आहेत. मग म्हणायचे, राहू देत, पुढच्या वेळी येतील त्या दोघी."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी फाटका माउथपीस मुठीत घट्ट धरला होता, तो मी अबायाच्या खिशात घातला आणि म्हटलं, "लाव."

त्याच्याच रेग्युलेटरला माझा निळा माउथपीस लागला. आम्ही दोघी धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरलो. इन्स्ट्रक्टर मध्ये, एका हाताने मला धरून, दुसऱ्याने लेकीला. फार खोल नाही, वर उजेड हलताना दिसत होता. मासे होते. पिवळे, निळे, पट्ट्यांचे, एवढे जवळ की हात लावावा. सुंदर होते, नाही म्हणत नाही. पण पोट भरण्यासारखं मला त्यात काही दिसेना. मी नुसती इकडेतिकडे बघत होते, आणि मग मला तो आवाज ऐकू आला.

नवरा झोपला की श्वास घेऊन क्षणभर थांबायचा आणि मग हळूच सोडायचा. तो थांबला की मीही अंथरुणात थांबायचे. इतक्या वर्षांत ती सवयच झाली होती. अगदी तोच श्वास, माझ्या अगदी कानाशी. मला वाटलं माझाच असेल, म्हणून मी श्वास रोखून बघितला. रोखायचा नाही असं बजावून सांगितलेलं होतं, तरी रोखला. आवाज चालूच राहिला. आत, थांबणं, आणि मग हळूच बुडबुडे. मी मान वळवली. लेक होती, इन्स्ट्रक्टरच्या पुढून माझ्याकडे सरकलेली. निळा माउथपीस दातांत धरून, डोळे मोठे करून, बापासारखा श्वास घेत होती. तिला ते ठाऊकच नव्हतं. मला तिला सांगायचं होतं, पण तोंडात ते असताना काय सांगणार? मी तिचा हात धरला आणि वर जाईपर्यंत सोडला नाही.

वर आल्यावर आम्ही टॉवेल गुंडाळून धक्क्यावरच्या टेबलाशी बसलो. वेटरने खुबूसच्या रोट्या आणि हरभऱ्याचं हमूस आणून ठेवलं. मी खुबूसच्या एका तुकड्याचा घास दातांनी तोडला आणि समोर पाहिलं तर कठड्यावर कावळा. मान तिरपी करून बघत होता.

"खोटारडा," मी त्याला मोठ्याने म्हटलं. "म्हणे तृप्त होऊन गेला."

"आई, इट्स जस्ट अ क्रो."

मी हातातला तो उष्टा तुकडा कठड्यावर ठेवला आणि मागे सरकले. कावळा दोन उड्या मारून जवळ आला. तुकड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, परत तुकड्याकडे. चोच लावली नाही. आम्ही दोघी थांबलो होतो. मग तो उडाला आणि पाण्यावरून लांब गेला.

"वेटर येत होता ना, म्हणून गेला," लेक म्हणाली.

असेल. पण मी तुकडा उचलला नाही, आणि संध्याकाळी खोलीकडे जाताना तो तिथेच होता. लेकही थांबून बघत राहिली.

"म्हणजे बाबाची विश राहिली?"

"राहिली."

"मग आता?"

"आता येईल बाबा आपल्या मागोमाग दापोलीला," मी म्हटलं. "येऊ दे."