पुढच्या बजारी

गिरजामाय पाच म्हणायची आणि चारालाच ओढायची. निखळलेला खांदा असो की सरकलेलं मनगट, आधी बजावायची, "पाचपर्यंत मोजीन, मंग ओढीन. तोवर हाय हाय करू नको." मग ओठातल्या ओठात तिच्या गोंडी बोलीत मोजायला लागायची. माणूस पाचाची वाट पाहत दात आवळायच्या तयारीत असायचा, आणि ही चारालाच झटका द्यायची. कट्ट आवाज व्हायचा. बोंब उठेपर्यंत हाड जागेवर गेलेलं असायचं आणि गिरजामाय तंबाखू मळत बसलेली असायची.

लोकांना ते मोजणं मंत्र वाटायचं. कोणी हात जोडून विचारलं, "माय, कोणता मंत्र होता व?" तर ती म्हणायची, "मंत्र कायचा? मोजून राह्यली होती." यावर लोक आणखीच पाया पडत. खरं बोललं की लोक जास्त घाबरतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती खरंच बोलायची.

राहायला ती बोरगावची. आमच्या आंजी गावच्या बजाराच्या दिवशी सकाळीच यायची आणि मिरचीवालीच्या बाजूला पोतं टाकून बसायची. मिरचीच्या खकाण्यानं सगळेच डोळे पुसत असत, त्यामुळे रडणारा माणूस वेगळा ओळखू येत नसे. ती जागा तिनं मुद्दाम धरली होती.

तिचं खरं कसब हाड बसवण्यात नव्हतं. ते दुसऱ्यांनाही येत होतं. दुखणं कमी झालं की माणूस घरी जाऊन आठ दिवस हात गळ्यात बांधून बसतो आणि पुढच्या बजारी लाकडासारखा आखडून येतो, हे तिनं पुष्कळ पाहिलं होतं. "आठ दिवसांत माणूस देवाले विसरते, मले काय लक्षात ठेवीन," असं म्हणून ती प्रत्येकाच्या मागे काहीतरी लावून द्यायची. घोटा मोडलेला एक गृहस्थ बरा व्हायच्या आधीच गावभर हिंडायचा. त्याची एक वहाण ती पिशवीत घालून बोरगावला घेऊन गेली. गुडघ्याच्या पाटलाला तिनं एका बाईच्या भानगडीची गोष्ट अर्धी सांगितली. "मंग काय झालं?" पाटलानं विचारलं. "बाकी पुढच्या बजारी. पन रोज शंभरदा गुडघा वाकवला असंन तरच." पाटील पुढच्या बजारी सगळ्यांच्या आधी हजर होता, आणि तीन महिन्यांनी चांगला धावायला लागला. ती बाई कोण, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तिच्या हाती लागले ती बैलबंडीवरून पडून. कापसाच्या बोंद्र्यावर, त्या भल्या मोठ्या गाठोड्यावर, बसले होते, चाक दगडावर चढलं आणि मी खाली आले. उजवा खांदा निखळला. तिनं तो चारालाच बसवला, पण मी ओरडले नाही. मी तेव्हा बोलायचीच नाही फारशी. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि सासरी माझा आवाज ओळखणारी फक्त गाय होती. गिरजामायनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "पोट्टे, तुहं हाड बसलं. पन तू बोंबलली काऊन नाई? आत ठेवलं ते सडते."

महिनाभरात खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. भाकर थापता येईना, घागर डोक्यावर चढवता येईना. सासूबाई पहिल्यांदा चुचकारून बोलल्या, मग उसासे टाकून, मग भिंतीकडे पाहून. "लुळ्या हातानं संसार होत नाई," असं भिंतीला सांगायला लागल्या. त्यांचे भाऊ, ज्यांना आम्ही मोठे मामा म्हणायचो, त्यांनी आपल्या नात्यातली एक मुलगी सुचवली. तेव्हा घरात दुसरी बायको आणणं हे काही जगावेगळं नव्हतं. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, यावर काहीच बोलले नाहीत. त्यांचं काहीच न बोलणं मला सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू यायचं.

गिरजामाय बजार आटोपून आमच्या घरी आली. देवघराशेजारच्या भिंतीला मला उभं केलं. "बोटं भिंतीवर ठेव. आता मुंगी चढव." दोन बोटं एकापुढे एक टाकत हात जिथवर गेला, तिथं तिनं आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना लावून रेघ ओढली. "रोज पन्नासदा मुंगी चढवायची. पुढच्या बजारी रेघ वर पाह्यजे. आणि आणखी एक. मले एक शिवी पाह्यजे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"शिवी. दर बजारी एक नवी. मुंगी चढवताना सुचवायची. तोंड उघडत नसंन तर लिहून आणजो, चार बुकं शिकली ना तू?"

पहिल्या बजारी मी मान खाली घालून वही दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मलाच वाचावं लागलं. "मेला," मी म्हटलं.

"हे तर माही बकरीबी म्हनते. उष्टी शिवी नको. डोळ्यानं पाह्यलेली आण. ज्याच्यावर चिडली त्याले नीट पाह्य, मंग लिही."

मग मी पाहायला लागले. भिंतीवर मुंगी चढवताना खांद्यातून कळ निघायची आणि त्या कळेबरोबर एकेक सुचायचं. शेजारच्या गोविंदावर लिहिलं: 'ओलं लाकूड. जळत नाही, नुसता धूर.' सासूबाईंवर लिहिलं: 'गळकी घागर. विहिरीपासून घरापर्यंत सगळ्या गावाला ओलं करत येते.' आमच्या घरच्यांवर लिहिलं: 'बिनजिभेची घंटा. आईनं हलवली की हलते, वाजत मात्र नाही.' गिरजामाय पोत्यावर आडवी होऊन हसायची. हसता हसता माझा हात धरून वर रेटायची आणि मला कळायच्या आत बोटभर वर न्यायची. चुन्याच्या रेघा एकीवर एक चढत गेल्या.

घोटाळा झाला तो सासूबाईंमुळे. मी भिंतीशी पुटपुटते आणि वहीत लिहिते, हे त्यांनी पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी गिरजामायला विचारलं, "हे काय लिहून राह्यली व?"

"देवाचं नाव," गिरजामाय म्हणाली. "लाखभर लिहिलं का हात सुटते. वही खाली नको ठेवू, काशीबाई. विटाळ होते. वर फळीवर ठेवजो."

झालं. त्या दिवसापासून वही देवघराच्या वरच्या फळीवर गेली. सासूबाई रोज सकाळी पाटावर चढून तिला हळदकुंकू वाहायच्या, मग माझ्या हातात द्यायच्या, संध्याकाळी पुन्हा वर ठेवायच्या. गळक्या घागरीनं स्वतःवरच्याच शिवीला हळदकुंकू वाहिलेलं मी रोज पाहायची आणि पदरात तोंड घालायची. सासूबाईंना वाटायचं, भक्तीनं भरून आलं.

पण शेवटची रेघ फळीच्या चार बोटं खाली अडकली होती. पाच बजार ती तिथंच. त्यापुढे गेलं की खांद्यात सुरी फिरायची आणि मी भीतीनं हात खाली घ्यायची.

पोळा झाला आणि मोठे मामा मुलीचं नक्की करायला आले. बजाराचाच दिवस होता. गिरजामाय ओसरीवर चहाची वाट पाहत बसली होती. मामांचं जेवण झालं, ढेकर झाली, आणि सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "हात लुळा हाय, पन पोरगी भाविक हाय. वहीभर देवाचं नाव लिहिलं तिनं."

"अस्सं?" मामा उठले. "पाहू, आन इकडे. मी वाचून दाखवतो. आपल्यालेबी पुण्य लागंन."

वहीचं शेवटचं पान मामांवरच होतं. 'पोळ्याचा बैल. कामाच्या दिवशी दिसत नाही, पुरणपोळीच्या दिवशी शिंगं रंगवून येतो.'

मामा देवघराकडे वळले. त्यांनी फळीकडे हात केला आणि मी चुलीपासून कशी उठले ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या दुसऱ्या हाताला पीठ होतं एवढं आठवतं. मी त्यांच्या आधी पोचले आणि वही ओढून छातीशी धरली.

ओसरीवरून आवाज आला, "काशीबाई, कोनत्या हातानं काढली व?"

सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. मीही पाहिलं. फळीवर उजव्या हाताची बोटं उमटली होती, कुंकवाच्या सांडलेल्या पुडीत. मग खांद्यातली सुरी फिरली आणि मी बोंबलले. तीन वर्षांची बोंब होती ती. बाहेर गाय उठून उभी राहिली.

मामा तरी हात पुढे करून होते. "वही तं दे, सूनबाई."

"नका घेऊ, बापू," गिरजामाय आत येत म्हणाली. "एकानं लिहिलेलं नाव दुसऱ्यानं वाचलं का फळ वाचनाऱ्याले लागते. पोरीचं फळ तुमी काऊन खाता? तुमाले पुरनपोळी कमी पडली काय?"

मामांनी हात मागे घेतला. लुळ्या हाताचं कारण तिथंच संपलं आणि ती मुलगी पुढे हिंगणघाटकडे चांगल्या घरी पडली. मी नंतर गिरजामायला विचारलं, "वही उंच ठेवायला तुम्ही मुद्दाम सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "मले काय समजते? मी अडानी बुढी." आणि भिंतीवरच्या शेवटच्या रेघेवर पिंक पडणार नाही अशा बेतानं थुंकली.

दोनतीन वर्षांनी ती बजाराला आली नाही. बकरीला पाला तोडायला त्या वयात बाभळीवर चढली आणि पडली, कंबरेचं हाड गेलं. मी आमच्या घरच्यांना म्हटलं, बोरगावला जायचं आहे. घंटा वाजली. म्हणाले, "चाल."

ती खाटेवर पडून होती. पाहिल्याबरोबर म्हणाली, "शिवी आनली काय?"

"तुमच्यावर आणली आहे."

"एवढ्या दिवसांत माह्यावर लिहिली नाई तू. मी काय देव हाय? वाच."

मी वाचलं, "गिरजामाय म्हणजे बाभळीचा काटा. रुतला की मुक्यालाही बोंबलायला लावतो." आणि वही मिटली.

"मंग? पुढं?"

"बाकी पुढच्या बजारी," मी म्हटलं. "तोवर सुनेच्या हातची पेज रोज प्यायची. नाही तर सांगणार नाही."

"रांडके," ती म्हणाली, "माहीच गोळी मले."

चार बजार मी गेले. चारही वेळा तिनं पेज प्यायल्याची साक्ष सुनेकडून देववली आणि चारही वेळा मी पुढचं सांगितलं नाही. पाचव्या बजारी बंडी तिच्या दारात थांबली तेव्हा खाट अंगणात उभी करून ठेवलेली होती. तिनं मला पाच मोजायला लावलं आणि ती चारालाच गेली.

ते राहिलेलं इथं लिहून ठेवते. गिरजामाय म्हणजे बाभळीचा काटा. रुतला की मुक्यालाही बोंबलायला लावतो, आणि ज्याला रुतला, त्याच्याच शेताचं कुंपण होऊन बसतो.

ऐकलं असतं तर तिनं तंबाखू थुंकून म्हटलं असतं, "ही शिवी नाई पोट्टे, आरती झाली. दुसरी आनजो पुढच्या बजारी."